मोल सांगणारी मनकर्णा

रहीमसेठ सरकीच्या कामानं अकोल्याला आले की माझ्याकडे चहा घेतल्याशिवाय परत जात नाहीत. बुलढाण्याच्या चार खबरी सांगायच्या, मनकर्णाचा निरोप द्यायचा, आणि “एकदा तिकडं या मास्तरीणबाई, हवा लई थंडी हाय,” असं म्हणत टोपी सारखी करून उठायचं, हा त्यांचा शिरस्ता. गेल्या महिन्यात आले ते आत आलेच नाहीत, पायरीशीच थांबले. मी म्हटलं, “या की सेठ, आधण ठेवलंच आहे.” तर खाली बघत म्हणाले, “चाय नको आज. अपनी मनकर्णाबाई गई... आठ-दहा रोज झाले. तुमाले कोनी कळवलं नाही काय?”

कोण कळवणार होतं? बुलढाण्यातून मला पत्र लिहिणारं एकच माणूस होतं, आणि तेच गेलं होतं. रहीमसेठ पायरीवरूनच परतले. मी आत येऊन खुर्चीत बसले. चुलीवर आधण तसंच उकळत राहिलं आणि आटून गेलं. रडू आलं नाही. एवढंच मनात येत राहिलं, की गेले आठ-दहा दिवस मी रोजच्यासारखी जेवत होते, पेपर वाचत होते, झाडांना पाणी घालत होते...

मनकर्णा माझ्या शेजारी राहायला आली ते महाराष्ट्र झाला त्याच वर्षी. मी बुलढाण्याला मुलींच्या शाळेत शिकवत होते. कचेरीच्या उताराखाली एका ओळीत पाच खोल्या होत्या, कौलारू, पुढे सगळ्यांचा मिळून एक ओटा. त्यातल्या टोकाच्या खोलीत मी, आणि माझ्या लगतची रिकामी. एका सकाळी तिथे एक बाई पत्र्याची पेटी घेऊन उतरली. चाळिशीच्या आसपासची, काटक, कपाळ मोकळं, आणि डोळ्यांवर कोरा करकरीत चष्मा. त्या काळी आमच्याकडे लुगड्यातल्या बाईच्या डोळ्यांवर चष्मा दिसला की लोक वळून बघत. ती मात्र ओट्यावर उभी राहून समोरच्या टेकडीकडे, झाडांकडे, रस्त्यावरच्या पाटीकडे असं बघत होती, की जणू सगळं आत्ताच कुणी धुऊन ठेवलंय. मला म्हणाली, “बाई, त्या पाटीवर ‘सायकली भाड्यानं मिळतील’ असं लिहेल हाय ना?” मी हो म्हटलं. “इथून वाचता येऊन राह्यलं मले,” ती म्हणाली आणि खूश होऊन आत गेली.

त्या चष्म्याची गोष्ट तिनं मला हळूहळू सांगितली. तिचं माहेर सोनाळ्याचं, सासर वरवट बकालचं. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा तापानं गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी माहेरी पाठवली ती भावाकडेच राहिली. भावाचा मळा होता, मिरची, वांगी, संत्र्याची काही झाडं. पहाटे उठून भाकरी, मग निंदण-खुरपण, भावाची पोरं न्हाऊ-माखू घालणं, भावजयीची बाळंतपणं, सगळं तिच्याकडे. सातवीपर्यंत शिकलेली असल्यामुळे भावाचे कागदही तीच वाचायची. सोसायटीची नोटीस, तलाठ्याचा कागद, मुंबईच्या अडत्याचं पत्र. गावातल्या बायाही लेकीबाळींची पत्रं वाचून घ्यायला तिच्याकडेच यायच्या. कुणी विचारलं तर भाऊ म्हणायचा, “मनकर्णा घरचीच हाय. तिले काय द्या-घ्यायचं?” पुढे तिला अक्षरं पुसट दिसायला लागली, कपाळ ठणकायचं. ती भावाला म्हणाली, मला खामगावला नेऊन चष्मा करून दे. भाऊ जेवत होता. जेवता जेवताच म्हणाला, “काऊन? तुले कोनतं कलेक्टर व्हायचं हाय?”

 पुढच्या बाजाराच्या दिवशी तिनं हातातले चांदीचे गोट काढून पिशवीत घातले, एकटीच एस.टी.त बसून खामगावला गेली, गोट विकून चष्मा केला. परतीची गाडी सोनाळ्याकडची होती, तिच्या शेजारी बुलढाण्याची उभी होती. “मी त्या गाडीची पाटी वाचली,” ती मला म्हणाली, “आनि तिच्यातच चढली.” पेटी मागाहून गावच्या एका माणसाकरवी मागवून घेतली. एवढंच. मोठा झगडा नाही, रडारड नाही.

बुलढाण्यात तिला काम मिळालं ते माझ्या शाळेच्या ओळखीनं. भाऊसाहेब म्हणून एक जुने वकील होते, विधुर. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बिघडल्यानं त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती. घरात मुलगा, सून, नातवंडं; पण मुलगा कोर्टात आणि सून रांधण्यात. त्यांना सकाळी पेपर वाचून दाखवायला, आलेली पत्रं वाचायला आणि ते सांगतील ती उत्तरं लिहायला माणूस हवं होतं. मी मनकर्णाला घेऊन गेले. भाऊसाहेबांनी तिच्याकडून एक अग्रलेख वाचून घेतला. ती न अडखळता वाचत गेली. त्यांनी विचारलं, “काय घ्याल बाई महिन्याचं?” मनकर्णा गोंधळली, म्हणाली, “तुमी द्यान ते.” भाऊसाहेब हसून म्हणाले, “छान. घरच्यासारख्याच राहा.”

पहिला महिना भरला तेव्हा ती घरी आली ती हातात एक नवं लुगडं घेऊन. लुगडं चांगलं होतं, काठाचं. वर दोन रुपये. ओट्यावर बसून तिनं ते लुगडं मांडीवर ठेवलं आणि कितीतरी वेळ काठावरून हात फिरवत राहिली. मी म्हटलं, “छान आहे की ग.” तर म्हणाली, “छान हाय. सोनाळ्याले दिवाळीले असंच भेटे.” आणि मग, “विमल, लुगडं खाता येते काय वं?”

त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसून विचार करायला लागलो, की माणसानं आपल्या कामाचं मोल सांगायचं तरी कसं. मला सरकारनं ठरवून दिलेला पगार होता, मला कधी कुणाला आकडा सांगावा लागला नव्हता. शिंप्याचा दर असतो, चांभाराचा असतो, पण पेपर वाचून दाखवणाऱ्या बाईचा दर गावात कुणाला ठाऊक? मनकर्णानं आधी आपल्या पोटापासून सुरुवात केली. खोलीचं भाडं, ज्वारी, रॉकेल, साबण. मग म्हणाली, “आनि काम नसन त्या दिवसाचं? ताप आला त्या दिवसाचं? भाकर तं त्याबी दिवशी लागते. मंग काम असते त्या दिवसानंच काम नसनाऱ्या दिवसाले पोसाव लागन.” मला हे कधी सुचलं नव्हतं. तिला सुचलं कारण तिच्या मागे कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती भाऊसाहेबांकडे गेली, लुगडं त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “हे सूनबाईले द्या. मले महिन्याचे पंधरा रुपये द्या. सकाळचा पेपर आनि पत्रं.” तिनं मला सांगितलं की हे बोलताना ती जमिनीकडे बघत होती, आणि बरं झालं भाऊसाहेबांना दिसत नव्हतं.

भाऊसाहेब चांगला माणूस. पंधरा कबूल केले. सूनबाईंना मात्र ते लागलं. लुगडं परत करणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. त्यानंतर त्या मनकर्णाला वाचता वाचता हाक मारू लागल्या, जरा शेंगा सोलून देता का, जरा पोराला घेता का, हातासरशी. आठवडाभर तिनं केलं. मग एक दिवस शांतपणे म्हणाली, “सूनबाई, वाचायचं-लिवायचं एक काम हाय, त्याचं मोल ठरलं हाय. शेंगाचं ठरलं नाही. ठरवायचं असन तं सांगा, मी त्याचाबी भाव सांगतो. नाहीतर राहू द्या. शेंगा मी सोनाळ्याले लई सोलल्या.” ही गोष्ट सूनबाईंनी गावभर केली. बाई मोठी व्यवहारी आहे, कवडीला धरून बसते. शाळेत माझ्या कानावर आली तेव्हा मी मनकर्णाला सांगितलं. तिला वाईट वाटलं. पण त्या बोलण्यानंच तिच्याकडे गिऱ्हाईक यायला लागलं, हेही खरं. ठरलेले पैसे घेते आणि ठरलेलं काम करते, असं माणूस लोकांना हवंच असतं. कुणाचा पत्रव्यवहार, कुण्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातली नोंद, खेड्यावरून दवाखान्यात किंवा कचेरीत आलेल्या बायांसोबत दिवसभर फिरणं, त्यांच्या वतीनं बोलणं, कागद वाचून सांगणं. तिला कुणी ‘मदतनीस’ म्हणे, कुणी ‘वाचणारी बाई’.

पुढे तिनं टायपिंगच्या वर्गात जाऊन मराठी यंत्र शिकून घेतलं. राज्य मराठीचं झालं होतं, अर्ज-विनंत्या मराठीत टाइप करून द्यायची गरज पडू लागली होती. तिनं हप्त्यानं एक जुनं यंत्र घेतलं आणि खोलीत बसून काम करू लागली. थोड्याच दिवसांत कोर्टापुढच्या लिंबाखाली यंत्रं मांडून बसणाऱ्यांतले गजाननराव आमच्या ओट्यावर येऊन बसले. वयस्क माणूस, हातात टोपी. म्हणाले, “बाई, रागावू नका. तुमी पानाले तीन आने घेता. आमी चार घेतो. तुमाले एकटीचं पोट हाय. आमच्या घरी सात तोंडं हायेत. गिऱ्हाईक तुमच्याकडं येऊन राह्यलं.” मनकर्णाला ठाऊकच नव्हतं. आपण नवीन, म्हणून कमी सांगावं, एवढाच तिचा विचार. ती म्हणाली, “उद्यापासून चार घेतो दादा. पन एक सांगतो, एकटीच्या पोटालेबी तेवढंच लागते. आजारी पडली तं माह्या घरी सात तोंडं नाहीत मले पानी द्याले.” गजाननराव मान हलवत उठले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पोराच्या हाती यंत्राची एक नवी फीत पाठवली. तिनं ती घेतली, आणि फितीचे पैसेही त्याच पोराच्या हाती पाठवले.

रहीमसेठही असेच तिला चिकटले. त्यांचा मुंबई-नागपूरचा पत्रव्यवहार ती लिहायची. पहिल्या महिन्याला त्यांनी तेलाचा डबा पाठवून दिला. ती डबा घेऊन त्यांच्या दुकानात गेली. “सेठ, तेल मी तुमच्याकडूनच घेईन, पैसे देऊन. तुमी मले माहे पैसे द्या.” रहीमसेठ आजही हा किस्सा सांगताना गुडघ्यावर थाप मारतात. “बाईने मेरेको धंदा शिकवला,” म्हणतात. त्यांच्या घरी ईदला शीरखुर्मा व्हायचा, तो मात्र ती वाटीभर घ्यायची. त्याचं मोल तिनं कधी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी वाटी रिकामी परत करायची नाही, तीत चार संत्री ठेवायची.

पण मला सांगायचंय ते भाऊसाहेबांचं.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्यांची दृष्टी पुरती गेली. कोर्टाशी संबंध सुटला, पत्रं येणंही कमी झालं. पेपर अर्ध्या तासात वाचून व्हायचा. एक दिवस तिनं पेपर घडी करून ठेवला आणि उठू लागली, तर ते म्हणाले, “बाई, आता काही वाचू नका. नुसत्या बसा थोडा वेळ.” ती बसली. ते फारसं बोलले नाहीत. आपल्या लहानपणच्या मेहकरच्या शाळेचं काही सांगितलं, मग गप्प झाले. मुलगा कोर्टात गेलेला, आतून भांड्यांचे आवाज. ती खिडकीबाहेर बघत बसली. असं रोजच व्हायला लागलं. पेपर अर्धा तास, बसणं तासभर, कधी दीड तास.

महिनाअखेरीला ती माझ्याकडे आली. भाकरी थापत होते मी. भिंतीला टेकून बसली. म्हणाली, “विमल, बसनं बी काम हाय काय वं?” मी म्हटलं, म्हणजे? “तो म्हातारा मले बसवून घेते. तेवढ्या टायमात मी दोन अर्ज टाइप केले असते. पन त्याचे पैसे मागू कशी? मानूस काय म्हनन, की बाई सोबतीचेबी पैसे लावते. आनि नाही मागितले...” तव्यावरची भाकरी फुगली, मी उलटली. “नाही मागितले तं मी कोन त्याची? बायको नाही, बहीन नाही, लेक नाही. फुकट बसनारी बाई कोन असते?” 

तिनं पैसे मागितले. वाचण्याचा दर तोच बसण्याचा.  ती सांगत होती, की भाऊसाहेबांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मग ते म्हणाले, “योग्य आहे. मी स्वतःहून द्यायला हवं होतं.” आणि जरा वेळानं, “बरं झालं बाई. आता मला रोज संकोच वाटणार नाही. ठरलेलं असलं की बोलावता येतं.” त्यानंतर पुढची दीड-दोन वर्षं ती जात राहिली. मला वाटतं तिच्या आयुष्यातला तो सगळ्यात सुखाचा काळ असावा. तिथून आली की तिच्याकडे सांगायला काहीतरी असायचं. भाऊसाहेबांनी आज अमुक म्हटलं, भाऊसाहेबांना कवठाची चटणी आवडते, भाऊसाहेब आज हसले. एकदा त्यांनी विचारलं, मागची खोली रिकामी आहे, तिथेच का येऊन राहत नाही, भाडं वाचेल, घरच्यासारख्या राहाल. ती नाही म्हणाली. मी विचारलं, “का ग? इतकी माया आहे त्यांची.” तर म्हणाली, “माया हाय म्हनूनच. एकदा आत गेली की मी सकाळी त्याच्याकडं ‘येनार’ नाही. असनारच. असनाऱ्याची कोनी वाट पाहत नाही.”

भाऊसाहेब हिवाळ्यात गेले. तिला कुणी कळवलं नाही. रोजच्या वेळेला ती गेली तर अंगणात माणसं, बांबू, गवऱ्या. ती फाटकातच थबकली. आत बायका रडत होत्या. आपण आत जावं की नाही, ते तिला ठरवता येईना. कुण्या पाहुण्या बाईनं विचारलं, “ह्या कोण?” आणि आतून कुणीतरी म्हणालं, “कामाच्या आहेत.” खोटं काहीच नव्हतं त्यात. ती बाहेर रस्त्यावर, समोरच्या भिंतीपाशी उभी राहिली. प्रेतयात्रा निघाली तशी थोडं अंतर राखून मागून चालली, कोपऱ्यापर्यंत. बायांनी पुढे जायचं नसतं. मग परत आली. मी शाळेतून आले तेव्हा ती डोक्यावरून पाणी घेऊन ओल्या केसांनी ओट्यावर बसली होती. म्हणाली, “अंघोय केली मी. लागत नाही मले सुतक. तरी केली.” मी तिच्यासाठी पिठलं टाकलं. तिनं दोन घास खाल्ले. फाटकापाशी काय झालं ते त्या रात्री एकदाच सांगितलं, पुन्हा कधी नाही.

भाऊ आला तो त्यानंतर दोनेक वर्षांनी. एवढ्या वर्षांत एकदाही न आलेला. धोतर, पांढरी टोपी, पिशवीत संत्री. त्याची बायको वारली होती, मुलं वेगळी झाली होती, घरात चूल पेटवायला कुणी नव्हतं. मनकर्णानं त्याला पाय धुवायला पाणी दिलं, भाकर वाढली, मिरचीचा ठेचा, वर तेल. मलाही हाक मारून बसवलं. ती इतकी आनंदात होती की वाढताना दोनदा ताट हललं. जेवता जेवता भाऊ म्हणाला, “चाल आता मनकर्णे. किती दिवस लोकायची कामं करशीन? घर तुहंच हाय.”

ती खाली बसली. हात पदराला पुसले. “येतो ना दादा. काय देशीन?”

भावाला कळलंच नाही. “काय देशीन म्हंजे?”

“बहीन म्हनून नेत असशीन तं मळ्यात वाटा दे. थोडा दे, चार वाफे दे, पन माह्या नावानं लाव. आनि कामाची म्हनून नेत असशीन तं महिन्याचं सांग. मी दोन्हीले तयार हाय. पन ‘घरचीच हाय’ म्हनून नाही येत आता.”

“सख्ख्या भावाले मोल सांगते तू?” तो म्हणाला. त्याचा आवाज चढलेला नव्हता, फाटलेला होता. “शहरात येऊन बदलली तू मनकर्णे.” आणि ताटावरून उठला. अर्धी भाकर तशीच होती. त्यानं टोपी घातली, पिशवीतली संत्री ओट्यावर ओतली आणि उतार चढून गेला. ती दारात उभी राहून बघत होती. मला वाटलं हाक मारेल. तिचे ओठ हललेही. पण तिनं मारली नाही, तोही वळला नाही.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मला सुट्टी असूनही मी गावी गेले नव्हते. तिन्हीसांजेला मनकर्णा तबक घेऊन ओट्याखाली उतरली. निरांजन, सुपारी, अक्षता. टेकडीवर बीजेची कोर दिसत होती, नखाएवढी. भाऊ नसलेल्या बाया चंद्राला ओवाळतात. तिनं ओवाळलं, हात जोडले. वर आली तेव्हा निरांजन विझलेलं होतं. “ज्यायले भाऊ नसते त्याहीनं ओवायाचं असते,” ती म्हणाली, “माहा तं हाय. पाप तं नाही लागत ना वं विमल?” मी म्हटलं, नाही लागत. तिनं तबक आत नेऊन ठेवलं, आणि मग आम्ही दोघी माझ्या खोलीत एका ताटात जेवलो.

तिचं बरोबर होतं का? मी पुष्कळ विचार केला आहे. भावाला ते मोल परवडलं नसतं असं नाही. तिलाही वाट्याची हाव नव्हती. तिला एवढंच हवं होतं, की ती नसली तर काय अडतं, ते कुणीतरी एकदा तोंडानं सांगावं. ते भावाच्यानं झालं नाही, आणि तिच्यानं आकड्याखेरीज दुसऱ्या शब्दात मागणं झालं नाही. दोघंही पुढे एकमेकांची वाट बघत म्हातारी झाली. तो गेला तेव्हा ती सोनाळ्याला जाऊन आली. आली ती दोन दिवस यंत्राला हात न लावता पडून राहिली.

माझी अकोल्याला बदली झाली आणि ओट्यावरची आमची संगत संपली. पत्रं येत. तिची पत्रं टाइप केलेली असत, खाली सही हातानं. दर वाढवावा लागला, तर कुणाला जड जाईल याची तिला काळजी. महागाई फार, पण खेड्यावरून येणाऱ्या बाईच्या हातात काय असतं, असं लिहायची. फुकट मात्र ती कुणाचंच करत नसे. “फुकट केलं की मानूस पुन्हा येताना लाजते,” एकदा ती समोरासमोर म्हणाली होती, “आनि लाजून कागद तसाच घरी ठेवते.”

रहीमसेठांकडून कळल्यावर मी बुलढाण्याला गेले. बोथ्याच्या घाटातून गाडी चढते तिथे पूर्वी माझे कान गार व्हायचे, या वेळी काही जाणवलं नाही. ओळीतल्या दुसऱ्या खोलीत आता शांता म्हणून भाजी विकणारी बाई राहते. तिच्याकडेच मनकर्णाच्या खोलीची किल्ली होती. तिनं मला सगळं सांगितलं. आधी साधा खोकला, मग ताप, मग दवाखाना. मनकर्णानं शांताला विचारलं, माझ्यापाशी बसशील का. शांता म्हणाली बसते की, शेजारधर्म हाय. “तं म्हने, तुही भाजीची पाटी बुडते ना? दिवसाचं किती सुटते ते सांग. मी म्हनलं, मावशी, मरनाच्या दारात हिशेब काय करून राह्यली? ऐकलंच नाही. रोज उशीखालून पैसे काढून देत होती. मी रडत रडत घेत होती. शेवटच्या दिवशी बोलताबी येत नव्हतं, तं डोयानं उशीकडं दाखवलं.” शांता पदर तोंडाला लावून रडली. “मी पैशासाठी नव्हती बसली वं बाई. तिले ते समजलं असन काय?”

मी म्हटलं, समजलं असेल. मला खात्री नाही.

अग्नी द्यायचा प्रश्न आला तेव्हा सोनाळ्याचे भाचे वेळेत पोचले नव्हते. गजाननरावांनी दिला. काठी टेकत आले होते म्हणे. लिंबाखालच्या सगळ्यांनी त्या दिवशी यंत्रं बंद ठेवली होती.

शांता पाटी घेऊन बाजारात गेली आणि मी कुलूप काढून आत गेले. खोली झाडलेली होती. खाटेवरची वाकळ घडी केलेली, खिडकीशी टेबल, त्यावर कापडानं झाकलेलं यंत्र. टेबलाच्या पलीकडे तिची खुर्ची, आणि अलीकडे, दाराकडे पाठ करून, गिऱ्हाइकाचं स्टूल. मी तिच्या खुर्चीत बसले नाही, स्टुलावरच बसले. तिथून टेकडी दिसते आणि तिच्या खुर्चीची रिकामी पाठ. बाहेर ऊन होतं. खूप वेळ मी तशीच...

दारात सावली पडली. एक बाई होती, तिशीची, पायांवर धूळ, कडेवर पोर. मला बघून म्हणाली, “वाचनाऱ्या बाई तुमीच काय? मी वरवटहून आली.” मी सांगितलं की त्या बाई आता नाहीत, वारल्या. तिनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. इतक्या लांबून आलेली. मी म्हटलं, “दाखवा, काय आहे?” पोराच्या दवाखान्याचा कागद होता, कुठे जायचं आणि कुणाला भेटायचं ते लिहिलेलं. मी उठून तिला स्टुलावर बसवलं. मग मला बसायला ती खुर्चीच उरली. कागद वाचून दाखवला, पुन्हा एकदा सावकाश सांगितला, कुठल्या फाटकातून शिरायचं, कुठे रांगेत उभं राहायचं.

तिनं लक्ष देऊन ऐकलं. मग लुगड्याच्या सोग्याची गाठ सोडत म्हणाली, “किती देऊ?”

राहू द्या, हे शब्द माझ्या अगदी ओठांवर होते. चाळीस वर्षं शिकवलं, आयुष्यात मी कुणाला आकडा सांगितला नव्हता. ती गाठ सोडून वाट बघत होती. मी म्हटलं, “दोन रुपये.” माझा आवाज मलाच परका वाटला. तिनं दोन रुपये मोजून टेबलावर ठेवले आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. पोराला सावरत उठली. दारात पोचल्यावर वळून म्हणाली, “दवाखान्यात दुसरा कागद देतीन ते. उद्या हायेत ना तुमी?”

माझी गाडी चारची होती. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. ती माझ्या उत्तराची वाट बघत उन्हात उभी होती, आणि मी त्या खुर्चीत बसून होते.